मुकादमबाईंचा पॅसेज

मुकादमबाई सहीपुरत्या शिकलेल्या. पण चांगला राजा कोणाला म्हणावं, यावर त्यांच्याइतकी व्याख्यानं कॉलेजच्या प्राचार्यांनीही ऐकली नसतील. हाताखाली सफाईच्या नऊ बायका. कोणी कुठे झाडायचं हे बाई ठरवत, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेरचा पॅसेज बावीस वर्षं त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. दहा मिनिटांचं काम. बाई तास संपेपर्यंत पुसत.

ऐकलेलं वाया घालवायचं नाही, हा त्यांचा खाक्या. पहिले प्रोफेसर सांगत, राज्य शहाण्याने करावं. झालं! बाईंनी कोणाला काही विचारणंच सोडलं. बादलीत फिनेल किती, तेसुद्धा त्याच सांगणार. मग दुसरे आले. म्हणाले, लोकांचं प्रेम आज आहे, उद्या नाही. राजाचा धाक हवा. तेव्हापासून बाईंची चप्पल वाजली की बायका गप्प होत. धाकटी जाऊ त्यांच्याच हाताखाली होती. एकदा उलट बोलली म्हणून तिला तळघरातले संडास मिळाले, ते आठ वर्षं सुटले नाहीत. गुडघा धरून ती जिना चढे, तेव्हा बाई दुसरीकडे बघत. घरी दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या.

यंदा नव्या मॅडम आल्या. "चांगला राजा कोण, हे शोधण्यात फार शतकं गेली," त्या वर्गात म्हणाल्या. "आता लोक विचारतात, वाईट निघाला तर त्याला खाली कसं उतरवायचं?"

बाईंना हे भारीच आवडलं. डबा खाताना त्यांनी ते बायकांना रंगवून सांगितलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

सोमवारी साऱ्याजणी सुपरवायझरकडे गेल्या. मुकादम आम्ही निवडू, आणि दर वर्षी. त्याला काय, तो हो म्हणाला. जावेच्या नावावर सगळे हात वर गेले. बाईंनी आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला होता.

जावेने कामाचा कागद वाचला. बाईंच्या वाट्याला तळघर.

"सूड घेतेस?"

"नाही, जाऊबाई. सगळ्यांना तीन-तीन आठवडे. तुमच्यानंतर माझीच पाळी."

"आणि माझा पॅसेज?"

"तोही पाळीनं." जावेने कागदाची घडी घातली. "आम्हालाही ऐकायचं होतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मुकादमकी गेल्याचं दुःख होतंच. पण हे बावीस वर्षांत आपल्या डोक्यातही आलं नाही, याची बाईंना जास्त लाज वाटली. बादली उचलून त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"आज पॅसेजला कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "डबा खाताना मला सांगेल का ती, मॅडम काय म्हणाल्या ते?"