पंपाला कान लावण्याची हातोटी

काकांनी खडूने बरोबरची खूण केल्याशिवाय पंपाजवळ कुणी कामाला बसायचं नाही, हा नियम पंपघरात कुठेही लिहिलेला नव्हता. तरी एकतीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. रोज सकाळी काका लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आवाज ठीक असला तरच खूण करायचे.

त्या सकाळी नव्या इंजिनीअर बाई वही घेऊन त्यांच्या मागेमागे फिरत होत्या.

"काका, तुमची हातोटी पुस्तिकेत लिहायची आहे. हातोटी म्हणजे नेमकं काय हो?"

"घरचं जुनं कुलूप असतं ना, मॅडम? पाहुणा दहा वेळा किल्ली फिरवतो, घरातलं माणूस ती जराशी उचलून फिरवतं. किती उचलायची, ते विचारलंत तर त्यालाही सांगता येणार नाही."

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

फिटर हसला. तो काकांचा मेहुणा. "मॅडम, ताईचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायचीही हातोटी आहे भावोजींना. तीही लिहा."

काकाही हसले. महिनाभरापासून त्यांना माणसांचं बोलणं नीट ऐकू यायचं, बारीक आवाज मात्र गळून पडायचे. घड्याळाची टिकटिक गेली होती. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

तीन पंप झाले. चौथ्यावर त्यांनी दांडी टेकवली. जाड घुमणारा आवाज आला, बाकी काही नाही. बेअरिंग खराब व्हायला लागलं की त्या घुमण्याखाली एक बारीक खरखर असते. आता ती नव्हती, की त्यांच्या कानालाच येत नव्हती? बाई बघत होत्या. काकांनी खूण केली.

मेहुणा लगेच हत्यारं घेऊन त्या पंपाशेजारी फतकल मारून बसला. तिथला दाबमापक बदलायचा होता. मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या जोडापासून त्याचं डोकं हातभरही लांब नव्हतं. बेअरिंग अडकलं, तर तो जोड तुटून आधी तिथेच उडणार होता.

"जरा सरकून बस," काका म्हणाले.

"खूण तुमचीच आहे ना? मग कशाला जीव खाली-वर करताय?"

काकांनी बेअरिंगवर तळहात ठेवला. गरम लागलं. कालच्यापेक्षा जास्त? की भीतीने आपलाच हात गार पडलाय? त्यांनी हात गालाला लावून पाहिला. बर्फासारखा होता. ज्या हातावर आयुष्य काढलं, त्याची साक्षही आज खरी धरता येईना.

त्यांनी बाहीने खडूची खूण पुसून टाकली.

"ऊठ तिथून."

"भावोजी, अर्धा नट काढलाय—"

"ऊठ म्हणतो ना." मग बाईंकडे न बघता ते म्हणाले, "मॅडम, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुम्ही कान लावा."

बाईंनी वही खाली ठेवली आणि दांडी घेतली. काकांनी त्यांचं मनगट धरून टोक दोन बोटं खाली सरकवलं. "दाबू नका. नुसतं टेकवा. घुमण्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्या खाली काय आहे?"

"काहीच... थांबा. वाळू चाळल्यासारखं."

"सलग, की थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

काकांनी लाल बटण दाबलं. पंप फिरत फिरत मंदावला, आणि थांबता थांबता जोडातून असा करकरला की तो आवाज काकांनाही ऐकू आला.

मेहुणा मघाच्या जागेकडे बघत उभा होता. "कधीपासून हे?" त्याने विचारलं.

"महिना झाला."

"आणि ताईला?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. नोकरीचं काय होईल, हे त्यांच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं, कारण शेजारी तिन्ही पंप चालू होते.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या तिघांवरही मीच खूण केलीय."

बाई दांडी घेऊन पहिल्या पंपाकडे धावल्या. काका त्यांच्यामागे निघाले.