खंडेनवमीच्या अक्षता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही – तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत उभा राहतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाकडे बघून हे तोंडातून निघत नाही, मी करून पाहिलंय.

सुरुवात रायफलपासून करावी लागेल. हसू नका. सदाशिव पेठेत वाढलेला, झुरळ मारायलाही आईला हाक मारणारा मी – आणि रायफल? पण नोकरीसाठी परदेशात आलो, अप्पर हट नावाच्या गावात घर घेतलं आणि शेजारी ग्रॅहम निघाला. साठी ओलांडलेला, एकटा, हिवाळ्यातही हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कचऱ्याची बिन ओढणारा माणूस. त्याने मला डोंगरात नेलं. इथे हरणं आणि रानबोकड माजलेले असतात, लोक शिकार करून फ्रीझर भरतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला शिकारीचं फार नव्हतं. मला त्या यंत्राचं वेड लागलं. रीतसर परवाना काढला, कपाटाला पोलादी कुलूप बसवलं, आणि मग एक दिवस ठरवलं की माझ्या रायफलचा दस्ता आणि चाप तेवढा जुना ठेवायचा. वरचा सगळा भाग, नळी, तिला मागून बंद करणारा बोल्ट, बोल्टचं घर, नवा जोडायचा. तोही वेगळ्या कॅलिबरचा, म्हणजे वेगळ्या मापाच्या गोळीचा. गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी.

नाना तेव्हा आमच्याकडे होते. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वर्षातला निम्मा काळ ते इथे असत. मी काम करत असलो की गॅरेजमध्ये खुर्ची टाकून, कानटोपी घालून बसायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मुलगा काहीतरी घडवतोय, एवढंच त्यांना पुरत होतं. ग्रॅहम कुंपणावरून डोकावला की दोघं आपापल्या भाषेत हवापाण्याचं बोलत, आणि दोघांनाही समाधान वाटे.

आता जे सांगायचं ते इथेच आहे – मी उगीच लांबण लावतोय, मला कळतंय.

बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती जागा उरते, ते तपासायला दोन छोटी पोलादी गेज असतात. एक आत ठेवलं की बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरं ठेवलं की बंद होता कामा नये; झाला तर जागा जास्त आहे, आणि झाडताना काडतूस बुडाशी फाटू शकतं. त्या दुसऱ्याला नो-गो म्हणतात. इथे येण्याआधी मी भोसरीत वर्षानुवर्षं क्वालिटीत नोकरी केली. नो-गो गेज आत शिरलं म्हणून लोकांचे अख्खे लॉट परत पाठवले आहेत. समोरचा म्हणायचा, साहेब, किंचितच आहे हो. आणि मी म्हणायचो, किंचित असं काही नसतं.

त्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये नो-गोवर बोल्ट बंद झाला. जरा अडखळला, आणि झाला.

मी काय केलं असेल? नळी खोलून पुन्हा बसवायला हवी होती. पण ग्रॅहमला शनिवारचं सांगून बसलो होतो, त्याच्या ओळखीच्या शेतावर जायचं ठरलं होतं. पी हळद आणि हो गोरी, असा माझा स्वभाव. दुसऱ्यांच्या लॉटला तो कधी लागू होत नसे. मी गेज पुसलं, डबीत ठेवलं आणि स्वतःशीच म्हटलं, किंचितच आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. नानांनी पाटावर माझे पाने, टॉर्क रेंच, लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध ती रायफल मांडली. झेंडू मिळाला नाही म्हणून बागेतली पिवळी फुलं वाहिली. हळदकुंकू, अक्षता. माझी मुलगी म्हणाली, “आजोबा, लॅपटॉपवर राइस नको ना, कीबोर्डमध्ये जाईल.” नाना हसले आणि लॅपटॉपला नुसताच नमस्कार केला. रायफलवर मात्र मनापासून अक्षता टाकल्या.

हे नीट लक्षात ठेवा. कारण शनिवारी निघण्याआधी मी नळीतून स्वतः गज फिरवला होता. फडकं पांढरं बाहेर आलं होतं. नळीला डोळा लावून मी आरपार उजेड पाहिला होता.

शेतावर पोचलो. नानाही आले होते, गाडीशेजारी घोंगडी पांघरून बसले होते. पहिली गोळी कुणी झाडायची? मी ग्रॅहमला म्हटलं, मान तुझा. इंग्रजीत मानाला शब्द सापडेना, तरी त्याला समजलं.

“यू शुअर, मेट? इट्स युअर बेबी,” तो म्हणाला, पण हरखला होता.

मान. आपल्याकडे हा शब्द किती सोयीचा आहे, नाही? मी आजही सगळ्यांना हेच सांगतो, की ज्याने शिकवलं त्याला पहिला मान दिला. पण पहिली गोळी मी स्वतः का नाही झाडली? मला भीती वाटत होती. ती भीती मी त्याच्या हातात दिली. मी चष्मेवाला, मी झाडली असती तर कदाचित काचेवर निभावलं असतं. त्याला चष्मा नव्हता.

काडतूस बुडाशी फाटलं आणि आतली आग मागे आली. ग्रॅहमचा उजवा डोळा गेला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नानांनी माझी बाही धरली. “मिल्या, कशानं झालं रे हे?”

आणि मी म्हणालो, “नाना, नळीत अक्षता गेल्या असतील.”

विचार करून म्हणालो असतो तर निदान स्वतःला नीच म्हणून मोकळा झालो असतो. पण ते शिंकेसारखं आलं. असतील – एवढाच शब्द होता. मागे घेता आला असता. पण नानांनी तो ऐकला आणि भिंतीला टेकून खाली बसले, आणि मला – हे सांगताना लाज वाटते – हलकं वाटलं. तांदळाच्या दाण्यानं रायफल फाटत नाही, हे मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. नानांना कुठून कळणार? संध्याकाळपर्यंत बायकोला सांगताना ‘गेल्या असतील’चं ‘गेल्या होत्या’ झालं. पोलिसांना नळीत काहीतरी अडकलं होतं म्हणालो. ग्रॅहमनेही तेच सांगितलं, कारण मीच त्याला ते सांगितलं होतं. अपघात म्हणून सगळं मिटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. पण संन्यासी चोराचा बाप असला तर काय म्हणायचं?

ग्रॅहम घरी आल्यावर नानांनी हट्ट धरला, मला त्याच्याकडे ने. डोळ्याला पट्टी बांधून तो बसला होता. नाना त्याच्या पाया पडायला वाकले. त्याने घाबरून त्यांना धरलं. नाना मराठीत बोलले आणि मी इंग्रजी केलं. माझे वडील म्हणतात, माझ्या हातून तुमचा डोळा गेला. माझे वडील म्हणतात, मला क्षमा करा. ग्रॅहमने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “नो, नो. गुड अ‍ॅज गोल्ड, नाना. यू वर ब्लेसिंग इट.” मी त्याचं मराठी केलं – तो म्हणतो, काही मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तर आशीर्वाद देत होता.

दोघांच्या मधे मी उभा होतो. दोघांचेही शब्द माझ्याच तोंडातून जात होते. त्यात एक वाक्य माझं घालायला किती वेळ लागला असता? मी भाषांतर चोख केलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

त्यानंतर नानांनी आमच्या घरात पूजा केली नाही. गणपतीत आरतीला उभे राहत, पण ताटाला हात लावत नसत. बायको म्हणे, वय झालं. मीही म्हणे, हो, वय झालं. मुलीच्या वाढदिवसाला औक्षण करताना बायकोने तबक पुढे केलं, तर म्हणाले, तुम्ही करा, मी बघतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. खोटं आहे. खाल्लं मी, खवखवलं त्यांना.

नाना जाऊन आता बराच काळ झाला. ग्रॅहम अजून शेजारी आहे. गाडी चालवत नाही, बाजारात मीच नेतो. अधूनमधून म्हणतो, तुझा बाप भला माणूस होता, मी त्याला कधीच दोष दिला नाही. मी मान हलवतो. त्यालाही मी सांगितलेलं नाही. नो-गो गेज डबीत आहे, डबी खणात आहे.

शेवटचं एक, मग संपलं. नाना जायच्या आधी पुण्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, मी इथून गेलो होतो. मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी नानांच्या हातात अक्षता ठेवल्या. सगळे टाकत होते आणि नाना मूठ घट्ट मिटून उभे होते. भाची त्यांची लाडकी. प्रत्येक ‘सावधान’ला मूठ जराशी वर जायची आणि पुन्हा खाली यायची. शेवटी त्यांनी माझा हात ओढला, त्यात मूठ रिकामी केली आणि कानाशी म्हणाले, “तू टाक बाबा. माझ्या हातच्या नकोत पोरीवर.”

घामाने ओल्या झाल्या होत्या, तळहाताला चिकटत होत्या. मी त्या घेतल्या, आणि टाकल्या.