दुसऱ्या दिवसाचं भाषण

हॅव्हलिकबाई उकडलेलं अंडं मीठ न लावता खायच्या. टीव्हीवर पुढारी बोलू लागला की आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघायच्या. जोरात हसणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवायच्या. शिक्षा म्हणून नाही, हसू जवळून ऐकू यावं म्हणून.

मेरेडिथ त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता नेब्रास्कातल्या त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवत होती.

ऑक्टोबरात शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, निवडणूक आली. बाईंची पद्धत ठरलेली. नाव खोडलेलं भाषण मुलांना वाचायला द्यायचं, आज एका उमेदवाराचं, उद्या दुसऱ्याचं. आधी कोणाचं, ते नाणं उडवून.

सोमवारी मुलांनी 'आपण'खाली निळी रेघ मारली, 'ते'खाली लाल.

"बाई, 'ते' येणार, 'ते' लुटणार. पण 'ते' म्हणजे कोण, हे कुठंच नाही!"

"आमची आजी असंच बोलते. केक संपला की 'ते' खाऊन गेले!"

वर्ग खदखदला. वायट कूप हसला नाही. भाषण त्याच्या वडिलांचं होतं.

"उद्या दुसऱ्याचं आहे ना, बाई?" त्यानं विचारलं.

"आहे तर. त्यालाही असंच सोलायचं."

संध्याकाळपर्यंत लाल रेघांच्या त्या कागदाचा फोटो गावातल्या फोनाफोनावर फिरला.

मंगळवारी सकाळी मुख्याध्यापक ग्लेन यांनी दोघींना बोलावलं.

"डोरीन," ते बाईंना म्हणाले, "दोन्ही भाषणं कालच का नाही दिलीस?"

"तासाभरात एकच नीट वाचून होतं."

"हे त्यांना जाऊन सांगू?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

बाईंच्या गाडीभोवती कूपच्या माणसांचे पिकअप ट्रक उभे होते. इंजिनं चालू. कोणी उतरत नव्हतं, ओरडत नव्हतं. एकानं ओळख दाखवत हात हलवला. तोही बाईंचाच जुना विद्यार्थी.

"चौकशी होईपर्यंत रजेवर जा. मेरेडिथ, वर्ग तू घे. कविता शिकव. झाडंबिडं, पक्षीबिक्षी."

बाईंनी कोट चढवला. "पोरी, दुसरं भाषण तेवढं वाटून टाक."

"ते नाही वाटायचं," ग्लेन म्हणाले.



बाईंची गाडी निघाली. मागोमाग पिकअप, सावकाश, एकामागे एक, अंत्ययात्रेसारखे. मेरेडिथनं दुपारी फोन केला. संध्याकाळी केला. कोणी उचलला नाही.

मग ती बाईंच्या रिकाम्या वर्गात गेली. मेजावर दुसऱ्या भाषणाच्या प्रती होत्या. निम्म्यांना पिना मारलेल्या. उरलेल्यांची पानं नुसती जुळवून ठेवलेली. शेजारी स्टेपलर, बाई सकाळी सोडून गेल्या तसा, उघडाच होता.