बुडबुडा नको

बाटली उलटी करायची, उन्हात डोळ्यांसमोर धरायची आणि ओरडायचं, "बुडबुडा! फेक, पोरी, पुन्हा भर!" हे आमच्या ऑफिसातले सर. तुम्ही पाहायलाच हवं होतं! पुसदकडच्या एका तांड्यावरच्या विहिरीचं पाणी आम्ही दर आठवड्याला तपासायचो. जमिनीतला रेडॉन वायू पाण्यात उतरतो. तो अचानक वाढला तर कदाचित भूकंपाची आधी खबर लागेल, म्हणून. बाटलीत हवा राहिली की वायू तिच्यात पळतो, आकडा खोटा.

एसटीत बाटली सरांच्या मांडीवर. कंडक्टर विचारायचा, "सर, लेकराचं तिकीट?" सर गंभीर चेहऱ्यानं, "लहान आहे अजून."

तांड्यावर भूकंपाच्या धक्क्यांनी एक भिंत पडली होती. तेव्हापासून याडी, म्हणजे अख्ख्या तांड्याची आई, नातवंडांना घेऊन अंगणातच झोपायची. दर वेळी विचारायची, "सर, आज आत झोपू का?"

"मले नाही सांगता येत, याडी."

मला इतका राग यायचा! खोटं का होईना, हो म्हणा ना!

मग एका हिवाळ्यात आकडा एकदम वर गेला. सर मिळेल त्या गाडीनं तांड्यावर. "सगळे बाहेर झोपा!" कापूस घरात, माणसं थंडीत. आणि झालं काय? काहीच नाही. नंतर कळलं, रात्री विजेची लाइन आली म्हणून विहिरीवरचा पंप रात्रभर चालला होता. खालचं ताजं पाणी वर आलं, त्यासोबत रेडॉन. पंपाचं विचारायचंच राहिलं होतं.

टपरीवर पोरं छेडायची, "काय सर, भूकंप कोणत्या गाडीनं येऊन राह्यला?" सर चहा अर्धा ठेवून उठायचे.

ते याडीची माफी मागायला गेले, मी सोबत होते. ती म्हणाली, "कापसाचा भाव पडते, बी उगवत नाही, आमाले आधी कोण सांगते? तुमी तं सांगाले आलते."

सरांनी बाटली डोळ्यांसमोर धरली, बुडबुडा शोधत राहिले. बाटली रिकामी होती.

पुढे उन्हाळ्यात काम बंद झालं, रेडॉन मोजायचं मशीन परत गेलं. त्याच उन्हाळ्यात सरही गेले. हार्ट अटॅक.

परवा याडी यवतमाळला आमच्या ऑफिसात आली. पदराखाली बाटली. "सरले दे. पंप बंद होता, इचारूनच भरलं."

मी सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मंग आता कोणाले इचारू?"

मी बाटली उलटी करून खिडकीशी धरली. एकही बुडबुडा नव्हता.