अण्णांच्या यंत्रमागाची उचकी

मी शेडमध्ये पोचले तेव्हा अण्णांचा नवा कोरा यंत्रमाग अर्धा खोलून जमिनीवर पसरलेला होता. गोणपाटावर बोल्ट, गिअर, पट्टे आणि मधोमध जॉबर सिद्राम, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्या सोलापुरात जॉबर म्हणतात.

"अण्णा, मला व्हिडिओसाठी बोलावलंय ना?"

"व्हय की. व्हिडिओत झटके मारतंय म्हणून तर मशीन खोललं."

मी व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, डोहाळजेवणं, अधूनमधून एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांच्या जाहिराती. रुसलेल्या मामाला अख्ख्या लग्नातून काढून टाकण्याचं कामही केलंय. पण व्हिडिओ अडकतो म्हणून मशीन खोललेलं पहिल्यांदाच पाहत होते.

घरात सगळ्यांची तोंडं वाकडी असताना बसवराजअण्णांनी हा माग घेतला होता. हैदराबादच्या एका हॉटेलवाल्याला टॉवेल हवे होते. त्याची अट एकच. माग चालताना दाखवा, संध्याकाळी ठरवतो. ऑर्डर हुकली तर जेवताना घरात काय काय ऐकावं लागेल, हे अण्णांनी मला फोनवरच सविस्तर सांगितलं होतं.

मागाच्या पूजेला काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ होता. अण्णांनी तो स्टेटसला लावला आणि मोबाइल भरला म्हणून उडवला. सुप्रभातचे फोटो मात्र एकूण एक जपून ठेवले. वळसंगच्या मेव्हणीनं कौतुकानं तो स्टेटस स्क्रीन रेकॉर्ड केला होता. तेवढीच कॉपी उरली होती आणि तिच्यात माग चालायचा, थबकायचा, उडी मारायचा.

विणणाऱ्या माणसाला झटका म्हणजे धसकाच. माग अडखळला की कापडावर आडवी रेघ उमटते आणि माल परत येतो. अण्णांचं आयुष्य असल्या रेघा शोधण्यात गेलं. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि थेट जॉबरला हाक मारली. आता माग जोडेपर्यंत नवा व्हिडिओ काढायचीही सोय नव्हती.

"कापडावर रेघ आली का कधी?" मी विचारलं.

"न्हाय. कापड लई झ्याक हाय. म्हणून तर काळजी. आतल्या आत असंल."

"तीन फॉल्ट सापडले की ताई," सिद्राम उत्साहानं म्हणाला.

मी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. त्यात पाठीमागून वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पेढे वाटत जातात. माग अडकला की वहिनीही अडकत होत्या.

"हे बघा."

"तिचा गुडघा दुखतोय की," अण्णा म्हणाले.

"मागाच्या तालावर? मग त्यांनाही खोलायचं का?"

सिद्रामनं पाना खाली ठेवला.

मग मी समजावलं. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. एकेका फोटोला फ्रेम म्हणतात. स्क्रीन रेकॉर्डर पडद्यावर जे दिसेल ते ठरलेल्या वेगानं टिपत राहतो. मेव्हणीचा फोन जुना. पुढचा फोटो यायला उशीर झाला की रेकॉर्डर मागचाच पुन्हा टिपतो. पंगतीत भाजी यायला उशीर झाला की वाढपी परत वरणच वाढतो, तसं. ह्या जादाच्या फ्रेम काढल्या आणि उरलेल्या मूळ वेगानं चालवल्या की चित्र सरळ चालतं.

ते काम सॉफ्टवेअर करतं, शेजारच्या फ्रेम ताडून बघून. पण कॉपीची कॉपी असली की डुप्लिकेट फ्रेमही अगदी हुबेहूब राहत नाहीत. म्हणून मी सेटिंग जरा सैल केलं. थोडाफार फरक असला तरी तोच फोटो धर.

माग लोण्यासारखा चालू लागला. मी खूश. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

"आमी कुटं गेलो?"

व्हिडिओच्या सुरुवातीला अण्णा बंद मागापुढं हात जोडून उभे होते. उभं राहायची पद्धत जुन्या फोटो स्टुडिओतली, श्वाससुद्धा रोखून. सॉफ्टवेअरला सगळे अण्णा सारखेच दिसले. त्यानं मोजके ठेवले, बाकीचे काढून टाकले. नमस्कार डोळ्याचं पातं लवायच्या आत संपत होता.

"अण्णा, त्याला टॉवेल बघायचेत, तुम्ही नाही."

"मालक बघूनच ऑर्डर देत्यात ताई. लिहून घ्या."

ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी नमस्काराचा तुकडा वेगळा काढला आणि होता तसा ठेवला. न हलणारा माणूस अडखळतही नाही. मग आवाज जुळवला आणि व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी ऑर्डर पक्की झाली. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आता बोलू दे घरात कोण बोलतंय ते!" मलाही मनापासून बरं वाटलं. मग ते म्हणाले, "उद्या सकाळी त्ये व्हिडिओ कॉल करणार हाईत. मशीन चालू दाखवा म्हणाले."

आम्ही तिघांनी जमिनीकडं बघितलं.

सकाळी अण्णांचा फोन आला. "ताई, सिद्रामनं मशीन जोडलं. पण आता खरंच झटके मारतंय की! तुमच्या सॉफ्टवेअरमधनं निघंल का?"

नाही निघत. चालू कॉलवर माझं काही चालत नाही. अण्णांनी देवाचं नाव घेतलं आणि कॉल घेतला. हॉटेलवाल्यानं थबकत, उडी मारत चालणारा माग बघितला आणि सहानुभूतीनं म्हणाला, "तुमच्याकडं नेटवर्क फार खराब दिसतंय."

"लई खराब," अण्णा म्हणाले.

दुपारपर्यंत सिद्रामनं माग ठिकाणावर आणला. ह्या वेळी फॉल्ट एकच होता आणि तो त्यानंच बसवलेला होता. टॉवेल वेळेवर गेले, रेघ कुठं नव्हती.

तेव्हापासून मी क्लायंटना सांगते, व्हिडिओ अडकला तर आधी एडिटरला फोन करा. जॉबरला हाक मारलीत तर तो फॉल्ट शोधूनच उठेल.