येमने न घेतलेला चहा

जावातल्या आमच्या क्लातेन गावच्या बाजारात माझ्या मिरच्यांच्या शेजारी येम बसते. आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, म्हणजे तेंपे, केळीच्या पानात बांधून विकते. बाई इतकी मऊ, की कुणी पायावर पाय दिला तर हीच माफी मागेल. त्या मऊपणाचाच फायदा घेतला सासरच्या मेल्यांनी!

येमचा घटस्फोट झाला. तिची सात वर्षांची लेक किनांती आईकडे द्या, असा कोर्टाने हुकूम काढला. पोर होती सासूकडे. ती कसली देतेय! कोर्टाचा बेलिफ दार्सोनो, ज्याला सगळे 'पाक' म्हणजे साहेब म्हणतात, येमला घेऊन दोनदा तिच्या दारात गेला. दोन्ही वेळा सासूने ओसरीवर बसवलं, गोड चहा आणि तळलेली केळी पुढे केली. आमच्यात एकदा कुणाच्या घरचा चहा घेतला, की त्या घरात आवाज चढवायचा नाही. सगळे प्यायले. येमसुद्धा! मग म्हातारी गोड हसून म्हणाली, "हो हो, देऊ की. आज पोर आत्याकडे गेलीय." आमच्याकडे 'हो हो' म्हणजे 'नाही', हे शेंबड्या पोरालाही कळतं. बेलिफाने लिहिलं, 'मुलगी आढळली नाही', आणि ढेकर देत घरी गेला.

मी येमला भर बाजारात झापलं. "एका पेल्यात बुडवलीस गं पोर!"

ती रडली नाही. पानं पुसत राहिली.

तिसऱ्या खेपेला मीही साक्षीला गेले. वाटेत येम बेलिफाला म्हणाली, "पाक, आज चहाला हात लावायचा नाही."

"अहो, बरं दिसतं का ते?"

"माझी पोर दडवून ठेवलीय, ते बरं दिसतं?"

ओसरीवर झाकण घातलेले पेले आले. "घ्या," सासू म्हणाली. कुणी हललं नाही. "घ्या ना!" बेलिफाचा हात सवयीने पुढे गेला, तसा येमने त्याच्या पेल्याच्या झाकणावर पंजा ठेवला. कुंपणाशी शेजारणी जमल्या. पाहुण्याने चहा नाकारला तर त्या घराची गल्लीत काय अब्रू राहते? म्हातारीचा चेहरा उतरला, पण पक्की! आत गेली आणि किनांतीलाच पुढे घालून आली. पोरीच्या हातात ताट, ताटात पेला.

"दे आईला. तुझ्या हातचा तरी घेईल."

चार महिन्यांनी लेक समोर उभी.

"आई, मी केलाय. साखर जास्त घातलीय."

मला वाटलं, संपलं आता. येमने पोरीच्या हातातलं ताट घेतलं, खाली ठेवलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"पाक, आढळली का मुलगी? लिहा."

बेलिफ ताडकन उठला. हुकूम वाचायला लागला. आधी पुटपुटत, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. किनांती आईच्या कमरेला बिलगली ती सुटेना.

सासू ओरडली, "लेकीच्या हातचा चहा टाकून चाललीस? लाज नाही वाटत?"

"नाही, सासूबाई," येम म्हणाली. "ती लाज इथेच ठेवून जाते. चहाशेजारी."

गल्लीच्या टोकाला आलो तेव्हा बेलिफ घसा चोळत म्हणाला, "कोरड पडली हो. एक घोट तरी घेऊ द्यायचा होतात."

"आमच्या घरी चला," येम म्हणाली. "ही करेल."

किनांतीने मान वर केली. "साखर किती घालू?"