जाऊबाईंचा सूड

आमच्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. मशीनवर बसल्या की त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नसते. सध्या त्या सैल कुडते आणि नाडीच्या विजारी शिवतात, लहानमोठ्या सगळ्या मापांच्या, आणि गठ्ठा बांधून दवाखान्यात पोचवतात. शेजारणी म्हणतात, केवढं पुण्य! पुण्य कसलं डोंबलाचं. हा सूड आहे. काजं मी करते, मला ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीवर, कॉलेजात जाणाऱ्या माझ्या पुतणीवर, तिच्या क्लासच्या मास्तरानं जबरदस्ती केली. दवाखान्यात तपासणी झाली, पुरावा म्हणून अंगावरचे कपडे ठेवून घेतले. ते बरोबरच. पण बदली कपडे कुणी द्यायचे? पोरीला चादर गुंडाळून घरी धाडलं. गाडीपासून दारापर्यंत अख्खी गल्ली डोळे फाडून बघत होती. आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, मी आता बाहेर पडणार नाही. कोर्टातसुद्धा नाही."

मास्तराला हेच हवं होतं. साक्षच नाही, तर तो मोकळा.

जाऊबाईंनी कापायची मोठी कात्री उचलली. मी दार अडवलं.

"सरक, धाकटे."

"कात्री चालवलीत तर आत तुम्ही जाल, वहिनी. तो मिशीला पीळ देत हिंडेल. मग हिच्याजवळ कोण?"

देवाला साक्ष ठेवून लिहिते, माझाही हात शिवशिवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाणच्या ठाण कापड आणलं. "चादरीत घरी गेलेली पोर तोंड लपवते. अंगभर कपड्यात गेलेली उद्या बोट दाखवेल. एकेक कुडता म्हणजे एकेका हरामखोराच्या गळ्याला फास."

दवाखान्यातली सिस्टर हेच वरच्यांना सांगून थकली होती. तिनं कपड्यांसाठी कपाट मिळवलं, आतून कडी लागणारी खोली मिळवली, पोरींना कुणाच्या नजरेस न पडता जाता यावं म्हणून मागचं दार उघडून घेतलं. आमच्याकडेही ती येऊ लागली. पुतणीजवळ नुसती बसायची, उपदेशाचा एक शब्द नाही.

तरी पोर साक्षीचं नाव काढेना. तारीख जवळ आली तशी मास्तराची आई उगवली, गोड बोलत.

"झालं गेलं विसरा हो. माझा मुलगा लग्नाला तयार आहे. तुमच्या मुलीला आता दुसरं कोण करणार?"

जाऊबाईंनी गळ्यातली टेप काढली. "बसा. त्याची मापं सांगा."

बाई खुलल्या. "लग्नाचे कपडे तुम्हीच शिवणार?"

"छे! तुरुंगात ढगळ कपडे देतात म्हणे. तुमचा लाडका आत जन्म काढणार, निदान अंगाबरोबर तरी बसायला हवेत."

आतल्या खोलीतून हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी. बाई चपला हातात घेऊन पळाल्या. पुतणी दारात येऊन उभी राहिली.

"आई, सिस्टरला बोलाव. तारखेला काय काय विचारतात ते मला समजून घ्यायचंय."

काल साक्ष झाली. सिस्टरनं तिला कोर्टात मागच्या वाटेनं नेलं, शेवटपर्यंत शेजारी बसली. मास्तर दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला होता. पोर म्हणाली, "तो बाजूला करा." आणि सगळं सांगितलं, त्याच्याकडे बघत.

निकाल लागायचाय. आमचे हे म्हणतात, देवाचं एवढं करतेस, मनात क्षमा असावी. क्षमा देवाचं खातं, मी त्यात ढवळाढवळ करत नाही. मी त्याच्याकडे रोज मागते, त्या मेल्याला सुखाची झोप लागू नये.

काल कोर्टातून परतताना गाडीत जाऊबाईंनी लेकीला विचारलं, "मान खाली घातली का त्यानं?"

"घातली."

"पोटभर बघितलंस?"

"पोटभर."